आधी खाली बसायचं

आप्पा, तुमची नात अरबी शिकली. एम.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मागच्या आठवड्यात घरी आली, आणि उद्या सकाळी तिला एका मोठ्या दवाखान्याला फोन करून नोकरीचं हो की नाही ते कळवायचं आहे. तिनं काय ठरवलंय ते तिच्या तोंडावर दिसतंच. जीव टांगणीला लागलाय तो माझा. दुपारची जेवणं उरकलीत, बाहेर ऊन नुसतं भाजतंय, हे कूलरपुढं घोरताहेत, पोरगीही झोपलीय, आणि मी स्वयंपाकघरात तुम्ही दिलेल्या बुटक्या स्टुलावर बसून तिच्या सरावाच्या कागदांच्या पाठीमागं तुम्हाला लिहितेय. पुढच्या बाजूला उजवीकडून डावीकडं चाललेली तिची अक्षरं आहेत, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मलीही नव्हती, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. जरा लांबेल. तुम्ही कुणाचंही पूर्ण ऐकून घ्यायचात, माझंही घ्या.

तुमच्या वेळी आमच्या कळसाडीत कापूस आणि ऊस, तिसरं नाव नव्हतं. आता निम्म्या शिवारात केळी आहे आणि ती आखातात जाते. पोरगी दहावीत होती तेव्हा तिकडचा एक व्यापारी केळी बघायला आमच्या मळ्यात आला होता. अंगात पायघोळ पांढरा झगा, आणि बांधावरून असा जपून चालत होता की गडीमाणसं तोंड फिरवून हसत होती. एका घडासमोर उभा राहिला, ह्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. बोलता बोलता डोळे पुसले. आम्ही नुसते बघत राहिलो. सोबतचा दलाल हिंदीत म्हणाला, माल चांगला आहे म्हणताहेत. झालं, गाडी निघून गेली. पोरीनं मात्र जेवताना ह्यांना विचारलं, माल चांगला आहे एवढं सांगायला माणूस रडतो का? ह्यांनी भाकरी मोडत म्हटलं, "तुले काय करनं शे?" पण तिच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. बारावीनंतर लोणखेड्याच्या कॉलेजात घरून जाऊन-येऊन बी.ए. करेल असं आमचं ठरलेलं होतं. ती पुण्याला गेली आणि अरबी घेऊन बसली.

नातेवाइकांनी काय काय ऐकवलं ते विचारू नका. नणंदबाईंनी तर सरळ विचारलं, पोरीनं धर्म नाही ना बदलला? मी म्हटलं, तुमचा पोरगा बालवाडीपासून इंग्रजी शिकतोय, गोरा झाला का? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. पण वरून ठणकावणं वेगळं. आत माझीही धाकधूक होतीच, हे शिकून पोरगी पोटाला काय खाणार? सुट्टीत आली की मी तिच्या वर्गातल्या पोरांची चौकशी करायची, कोण काय करणार म्हणून. मालेगावच्या एका मुलाला कॉलेजात शिकवायचंय. त्याच्या घरात आजोबा-पणजोबांपासून अरबी वाचतात, त्यामुळं त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. नागपूरची एक मुलगी परराष्ट्र खात्याच्या परीक्षेला बसतेय. एक जण हैदराबादच्या कंपनीत लागला, तिथं लोकांनी टाकलेले अरबी व्हिडिओ दिवसभर बघायचे आणि त्यातले घाणेरडे, मारहाणीचे काढून टाकायचे. पगार चांगला आहे, पण जेवण जात नाही म्हणे त्याला. प्रत्येकाची एकेक तऱ्हा. आमचीला मात्र दवाखान्यातच जायचंय, दुभाषी म्हणून.

इराक, येमेन, ओमान असल्या देशांतून माणसं आपल्याकडं ऑपरेशनं करून घ्यायला येतात, आप्पा. डॉक्टरचं बोलणं त्यांना कळत नाही, त्यांचं डॉक्टरला कळत नाही, मध्ये एक माणूस लागतो. तुम्हाला हे मी काय समजावून सांगावं! ती म्हणते, पुस्तकातली अरबी बातम्यांत चालते, मम्मी, आजारी माणूस ती बोलत नाही. येमेनची म्हातारी तिची अरबी बोलते आणि इराकचा म्हातारा त्याची. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच की, शाळेत 'आहे' म्हणायचं आणि घरी अहिराणीत 'शे'. ती हसली, म्हणाली, अगदी तस्संच. या गोष्टीचा मला उगाच अभिमान वाटला, आणि लगेच भीतीही वाटली.

ह्यांचं म्हणणं निराळं. ह्यांच्या मित्राचं शहाद्याच्या रस्त्यावर केळीचं पॅकिंग हाऊस आहे. बाया घड धुतात, फण्या कापतात, खोक्यात भरतात, आणि गारव्याचे कंटेनर थेट बंदराला जातात. त्याला आखातातल्या व्यापाऱ्यांशी बोलणारं माणूस हवंच आहे. स्कूटीवरून निघाली तर इथला चहा निवायच्या आत पोचेल. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं, असं हे म्हणतात. शिवाय म्हणतात, दवाखान्यातलं ते काम टिकणार किती, आता मोबाइलच सगळ्या भाषा बोलतो. परवा तिला दाखवायला म्हणून मोबाइल तोंडापुढं धरून म्हणाले, "मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं." मोबाइलला काही केल्या अहिराणी कळेना. पोरगी पोट धरून हसली, हेही हसले, पण विषय तिथंच राहिला. मी दोघांना वाढत होते. कुणी मला विचारलं नाही तुला काय वाटतं, आणि विचारलं नाही ते बरंच झालं.

कारण मला मागच्या हिवाळ्यातला फोन आठवत होता. ती तेव्हा त्याच दवाखान्यात शिकाऊ म्हणून जात होती. इराकचा एक म्हातारा आला होता, सोबत त्याचा मुलगा. तपासण्यांचे रिपोर्ट वाईट होते. डॉक्टर बोलायच्या आधीच मुलानं हिला बाजूला घेऊन हात जोडले, की काहीही असो, बाबांना सांगू नकोस, आमच्यात असं तोंडावर सांगत नाहीत. मग डॉक्टर बोलले. आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही असं म्हणाले, आणि हिच्याकडं बघून थांबले. म्हाताराही हिच्याकडंच बघत होता. त्यानं विचारलं, "बिंती, काय म्हणतात डॉक्टर?" बिंती म्हणजे माझी लेक. ती म्हणाली, डॉक्टर उद्या सविस्तर बोलतील. एवढं म्हणून बाहेर आली आणि जिन्यात बसून तिनं मला फोन लावला. "मम्मी, मी काय सांगायला पाहिजे होतं?" एवढंच विचारत होती, पुन्हा पुन्हा. मी केळीच्या पानांवर पापड वाळत घालत होते. मी म्हटलं, जेवलीस का? दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, आणि ती परत खाली येईपर्यंत बापलेक आपल्या देशाला निघून गेले होते. त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं, सांगितलं की नाही, हिला अजून माहीत नाही. दुसरी कुणी असती तर तिथंच हात टेकून केळीच्या खोक्यांवर चिकट्या लावायला घरी आली असती. ही त्या दिवसापासून हेच काम करायचं म्हणते.

आणि मला तुम्ही दिसायला लागलात. विसरवाडीच्या फाट्यावरचा डॉक्टरांचा तो दवाखाना, समोर थांबणाऱ्या सुरतच्या एसट्या, ट्रकांची रांग, भज्यांचा वास, आणि आत तुम्ही, कंपाउंडर. डॉक्टर पुण्याकडचे, त्यांचं मराठी पुस्तकातलं. डोंगरातून येणारी माणसं भिली बोलणारी. तुम्ही आपले मधले, घरी अहिराणी, ट्रकवाल्यांशी गुजराती, हिंदी, आणि डोंगरातल्या माणसांशी त्यांची बोली. मी शाळा सुटल्यावर घरून तुमचा डबा घेऊन येते. डॉक्टर खुर्चीत बसून बोलतात. त्यांचं झालं की तुम्ही टेबलाला वळसा घालून पुढं येता आणि सरळ जमिनीवर बसकण मारता. पेशंटची माणसंही मग भोवती खाली बसतात, आणि सगळे बसले की तुम्ही बोलायला लागता. पांढऱ्या पँटीचा मागचा भाग रोज खळ्यात लोळल्यासारखा मातीनं भरलेला. माय धुताना करवादायची, "तुम्हनी नोकरी दवाखानामा शे का खयामा?" तुम्ही नुसते हसायचात. शेवटी डॉक्टरांनीच सुताराकडून हे बुटकं स्टूल करून घेतलं, तुम्हाला बसायला. तुम्ही ते मायला भाकरी थापायला आणून दिलंत आणि तिथं जमिनीवरच बसत राहिलात. माझ्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर तेच पाठवलंत. सासरची माणसं हसली होती, कंपाउंडरनं पोरीला लाकडाचा तुकडा दिला म्हणून.

एकदा तुम्ही मला रागावला होतात, तेवढं एकदाच. दवाखान्याच्या ओट्यावर डोंगरातली एक म्हातारी डोळे पुसत बसली होती, तिचा नातू आत होता. मला त्यांची बोली शेजारच्या पोरांबरोबर खेळून येत होती. मोठ्या ऐटीत मी तिला म्हटलं, रडू नको, बरा होईल तो. तुम्ही दारातून ऐकलंत. मला दंडाला धरून औषधांच्या कपाटामागं नेलंत. "तुले माहीत शे का? नही ना? मंग कसाले बोलनी?" मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत, पण मी घरी येईपर्यंत रडले. नातू बरा झाला तो. मी तुम्हाला ते टोचून सांगितलंही, तर म्हणालात, बरा झाला म्हणून तुझं बोलणं खरं होत नाही. तेव्हा वाटलं, काय हा हेकटपणा.

पण तुम्ही जमिनीवर का बसायला लागलात ते घरात फक्त मला माहीत होतं, कारण ते सुरू झालं त्या दिवशीही डबा घेऊन मीच आले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात डोंगरातल्या एका माणसाला खाटेवर घालून आणलं होतं. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, आता काही उरलं नाही, दोन-चार दिवसांचा आहे, घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या, सुरतला नेऊनही फरक पडणार नाही. तुम्ही तेव्हा उभ्या उभ्या सांगायचात. त्याची बायको तुमच्या तोंडाकडं बघत होती. तुमची जीभ उचलली नाही. तुम्ही तिला म्हणालात, सुरतला न्या. बाकीचं सगळं गिळलंत. तुमच्या मनात वाईट नव्हतं हो आप्पा, मला माहीत आहे. चार घटका तिला आशा राहावी एवढंच होतं. त्यांनी ट्रक गाठला. सोनगडच्या पुढं, हमरस्त्यावर, ट्रकमध्येच तो माणूस गेला.

मी आले तेव्हा ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती. आरडाओरडा नाही, काही नाही. तुम्ही बाहेर येऊन तिच्यासमोर उभे राहिलात. तिनं मान वर करून विचारलं, "तुला माहीत होतं?" तुम्हाला डॉक्टरांकडं बोट दाखवता आलं असतं. माझं ऐकण्यात चुकलं, असंही म्हणता आलं असतं, कुणाला कळणार होतं? तुम्ही हो म्हणालात. मग ती म्हणाली, "खाली बस. वर बघून मला बोलता येत नाही." आणि तुम्ही, पांढऱ्या कपड्यांतले कंपाउंडर, ओटाभर माणसांसमोर तिच्यापुढं मातीत बसलात. तिनं सगळं सांगितलं. तो वाटेत घरी चल, घरी चल म्हणत होता, आणि ती त्याला सांगत होती, सुरत आलंच आता, तिथं बरा होशील, कंपाउंडरभाऊ म्हणालेत. घरात, चुलीजवळ, आपल्या पोरांच्या मध्ये जायचा तो, आणि गेला कुठं, तर भुसाच्या पोत्यांवर. सांगून झाल्यावर ती उठली, पदर झटकला आणि गेली. तुम्ही बसूनच होतात. मी डबा तुमच्याजवळ ठेवला. त्या दिवशी तो तसाच घरी आला, आणि मायला तुम्ही पोट बिघडलंय म्हणून सांगितलंत.

हे मी पोरीला सांगू की नको, तेच मला कळत नाही. सांगितलं तर ती घाबरेल, किंवा घाबरायचं सोडून आणखीच हट्टाला पेटेल, तुमचंच रक्त आहे. नाही सांगितलं तर ती काहीच माहीत नसताना त्या खोल्यांत जाऊन उभी राहील. आणि माझी खरी भीती तर वेगळीच आहे. तुमच्यापुढं ती बाई परत आली. तिनं तुम्हाला खाली बसवलं आणि काय झालं ते तोंडानं सांगितलं, म्हणून तुम्हाला पुढं काय करायचं ते कळलं. माझ्या पोरीपुढं कोण येणार? तिची माणसं विमानात बसून निघून जाणार, कुणी बगदादला, कुणी सनाला, आणि हिच्या तोंडून काय गेलं, काय राहिलं, त्याचं पुढं काय झालं, हे हिला कधीच कळायचं नाही. एका म्हाताऱ्यासाठी ती अजून कूस बदलते. अशी रोज माणसं आली तर? तिच्या जागी मोबाइल बोलला असता तर निदान त्याची झोप तरी उडाली नसती. मला पॅकिंग हाऊस हवंय आप्पा. मला तिनं रोज संध्याकाळी हातांवर केळीचा चीक घेऊन घरी यावं, दराच्या आणि खोक्यांच्या गोष्टी सांगाव्या आणि पोटभर जेवावं असं वाटतं. आई म्हणून एवढंच वाटतं.

काल इथपर्यंत लिहिलं आणि ती उठून आली. आता सोमवारची दुपार आहे, राहिलेलं लिहून टाकते.

चहा टाकला तिनंच. कप माझ्या हातात देऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, मला जमेल ना?" जमेल गं, न जमायला काय झालं, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. जगातल्या सगळ्या आया हेच म्हणतात. आणि मला कपाटामागचा तुमचा आवाज ऐकू आला. मी स्टुलावरून उतरून फरशीवर बसले. तिला वाटलं चक्कर आली. तीही घाईनं खाली बसली. "माले माहीत नही," मी म्हटलं. "तुले जमी का नही, माले खरंच माहीत नही." मग तुमचं सगळं सांगितलं. सुरत, ट्रक, पायरी, मळलेली पँट, सगळं. मला घाबरायला होतं हेही सांगितलं. चहावर साय धरली तरी दोघी तशाच बसलेल्या. तिनं रडावं असं मला वाटत होतं, ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, ती बाई नंतर कधी दवाखान्यात आली का? आली होती का हो आप्पा? तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी ती फोन करायला गच्चीवर गेली. ह्यांनी मळ्यात जाता जाता पॅकिंग हाऊसची पुन्हा आठवण करून दिली, ती हो हो म्हणाली आणि जिना चढली. दवाखान्याला तिनं हो सांगितलं. गुरुवारी निघतेय. खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. मला म्हणाली, त्यांना सांगितलं की खोलीत मला बसायला खुर्ची नसली तरी चालेल. ही काय म्हणतेय ते फोनवरच्या बाईला कळलंच नाही म्हणे. मी तिच्या बॅगेत ठेचा आणि पापड भरायला काढलेत. हे कागद तुम्हाला पाठवायचे तर कुठं पाठवणार, पिठाच्या डब्याखाली ठेवते, रद्दीत गेले तर गेले.

एकच गोष्ट तिला सांगितलेली नाही. खाली बसून सगळं सांगितलं, पण हे नाही. आमच्या गावात गच्चीवरसुद्धा रेंज घडीघडी जाते, निम्मं बोलणं हवेत विरतं. ती वर फोन लावत होती तेव्हा मी खाली देवापुढं हात जोडून उभी होते, आज रेंज जाऊ दे म्हणून. आज मेली गेली नाही.